मालवणचा किनारा आणि मुंबईच्या गिरण्या

आजचा सिंधुदुर्ग जिल्हा 1981 साली वेगळा झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी मालवण, देवगड आणि वेंगुर्ले हा किनारा रत्नागिरी जिल्ह्यात मोडत होता, आणि 1911च्या शिरगणतीत मुंबईच्या कापड गिरण्यांतील जवळजवळ निम्मे कामगार याच जिल्ह्यात जन्मलेले आढळले. भातजमीन तुटपुंजी, वरकस म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीत निघणारी नाचणी-वरी वर्षभर पुरत नसे आणि भाऊबंदांच्या वाटण्यांनी शेताचे तुकडे झालेले, त्यामुळे कर्ता पुरुष चाकरमानी होऊन मुंबईची वाट धरी.

मालवणच्या बंदरात पाण्याखालच्या खडकांमुळे आगबोट किनाऱ्याला लागत नसे; ती बाहेर नांगर टाकून उभी राही आणि उतारू होडीतून तिच्यापर्यंत जात. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की फोंडा घाट चढून कोल्हापूर गाठावे आणि तेथून आगगाडी धरावी लागे. मुंबईत गाववाल्यांनी मिळून भाड्याने घेतलेली खोली, पगाराच्या भरवशावर उधारीने जेवू घालणारी खानावळ आणि कामावर लावून देणारा जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, यांच्या आधाराने हा चाकरमानी दिवस काढी; बायकामुले बहुधा गावीच राहत, लावणी-कापणी करीत आणि मनीऑर्डरीवर मीठमिरची भागवीत. गिरणीमालकाचे एका माणसाच्या पोटापुरत्या पगारात भागत होते, कारण आजारपण, बाळंतपण, म्हातारपण आणि बेकारी यांचा भार कोकणातले घर उचलत होते. मुंबईच्या भरभराटीच्या हिशेबात या घराची नोंद फारशी झालेली नाही, हा त्या घरावरचा अन्यायच म्हणावा लागेल.

1905च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. 1911च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी बारा तासांची आणि 1922च्या कायद्याने दिवसाला अकरा व आठवड्याला साठ तासांची मर्यादा घातली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात 1912च्या आरंभी स्त्रिया व मुलांचा आठवडा 56 तासांवरून 54 तासांवर आणला गेला, तेव्हा तेथील लॉरेन्स या कापड गिरण्यांच्या शहरातील मालकांनी त्या प्रमाणात पगार कापला आणि मोठा संप झाला. तेथील स्थलांतरित कामगारांना संपकाळात आपली मुले न्यूयॉर्कमधील सहानुभूतीदारांच्या घरी धाडावी लागली. मालवणच्या कामगाराची मुले गावी असल्यामुळे त्याला संप सोसणे काहीसे सोपे जाई, पण त्याची किंमत गावाच्या कोठारातून मोजली जाई.

पहिल्या महायुद्धात परदेशी कापडाची आवक घटून गिरण्यांना अमाप नफा झाला, तर कामगाराच्या वाट्याला महागाई आली. कोकणातील तरुण मराठा पलटणींत भरती झाले. 29 एप्रिल 1916 रोजी मेसोपोटेमियातील कूत येथे इंग्रजी फौजेने शरणागती पत्करली, तेव्हा 110वी मराठा पलटण तुर्कांच्या कैदेत गेली. 1917 साली उभारलेली 111वी महार पलटण युद्ध संपल्यावर, 1921 मध्ये, मोडण्यात आली. 1918 साली अपुरा पाऊस आणि इन्फ्लुएन्झा या दोहोंनी लोकांना नाडले, आणि जानेवारी 1919 मध्ये लाखाहून अधिक गिरणी कामगार संपावर गेले.

अस्पृश्य मानल्या गेलेल्या ज्या महार समाजाचे तरुण सरकारला युद्धापुरते हवेसे वाटले, त्या समाजाला गिरणीतील अधिक पगाराचे विणाई खाते मात्र बंदच राहिले. धोट्यातली सुताची कांडी संपली की विणकर नवी कांडी बसवी आणि धोट्याच्या छिद्राला तोंड लावून सुताचे टोक ओढून घेई. एकाच धोट्याला अनेकांचे तोंड लागते, म्हणून सवर्ण विणकर अस्पृश्यांना त्या खात्यात येऊ देत नसत आणि त्यांना सूतकताईच्या कमी पगाराच्या कामावरच राहावे लागे. तोंडाने सूत ओढण्याच्या याच पद्धतीवर मॅसॅच्युसेट्सने 1911 साली रोगाच्या भीतीने कायद्याने बंदी घातली होती. मुंबईत धोटा तसाच राहिला आणि माणसे दूर ठेवली गेली. धोट्याची रचना बदलणे मालकांना अवघड नव्हते, तरी ते झाले नाही. एप्रिल ते ऑक्टोबर 1928 या दीर्घ संपाच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यातीलच आंबडवे हे मूळ गाव असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विणाई खाते अस्पृश्य कामगारांना खुले व्हावे, ही मागणी कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवली आणि ती संपाच्या मागण्यांत घेतली जावी, असा आग्रह धरला.