खणातली फ्लॉपी

रोग बरा करणे हे एक काम आणि तो परत येऊ न देणे हे दुसरे, हे आमच्या बारामती-इंदापूरकडच्या ऊसवाल्याला कोणी समजावून द्यावे लागत नाही. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर येथे पिढ्यान्‌पिढ्या ऊस उभा राहिला आहे. त्या उसात गवताळ वाढीची बेटे दिसली की शहाणा शेतकरी ती उपटून जाळतो. पण तेवढ्यावर थांबत नाही. त्याच रानातले बेणे पुढच्या लागणीला घेतले, तर रोग बेण्याबरोबर नव्या रानात जातो. आणि खोडवा राखला, तर तो जागच्या जागी बुडख्यातून पुन्हा फुटतो. म्हणूनच बेणे ५४ अंश सेल्सियसच्या दमट उष्ण हवेत ठेवून त्यापासून निरोगी बेणेमळा वाढवावा, अशी रीत ऊस-संशोधकांनी घालून दिली आहे.

मी शेतकऱ्याच्या घरात वाढलो आणि इंदापूर तालुक्यात शाळामास्तर झालो. हे सारे मी लहानपणापासून पाहत होतो. तरीही माझ्या संगणकाला जडलेल्या रोगाच्या बाबतीत हेच साधे शहाणपण सुचायला मला सतरा वर्षे लागली. त्या सतरा वर्षांचा आणि त्यांच्याभोवतीच्या मोठ्या इतिहासाचा हा वृत्तांत आहे.

१९९१ च्या पावसाळ्यात मी दर रविवारी बारामतीला संगणकाच्या वर्गाला जाऊ लागलो. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करीत ज्या वाटेने इंदापूरला येते, त्याच बाजूने आमची एस. टी. धावे. माझ्या सदऱ्याच्या खिशात वहीच्या पुठ्ठ्यात जपून ठेवलेली एक फ्लॉपी असे. सव्वापाच इंचांची ती काळी, लवचीक तबकडी म्हणजे माझी सारी विद्या. त्या फ्लॉपीबरोबर आणखी कोणी विनातिकीट प्रवास करीत आहे, याची मला कल्पना नव्हती.

५ जानेवारी १९९२ हा रविवार होता. वर्गातले यंत्र सुरू केले, तो पडद्यावर इंग्रजीत हुकूम उमटला : जोशीला वाढदिवसाच्या शुभेच्छा टंकून द्या. आम्ही वाटेल ती बटणे दाबून पाहिली. यंत्र ढिम्म हलेना. वर्गात जोशी आडनावाचे दोघे होते. दोघांनीही आपला वाढदिवस उन्हाळ्यात येतो असे शपथेवर सांगितले. अखेरीस एकाने शुभेच्छा टंकल्या आणि यंत्र मुकाट्याने कामाला लागले. आम्ही पोट धरून हसलो. आमचे शिक्षक मात्र हसले नाहीत.

हा ‘जोशी’ काही आमच्याच वर्गातला नव्हता. १९९० च्या जूनमध्ये तो भारतात प्रथम सापडला आणि पुढे देशोदेशी पोचला. संगणक सुरू होताना तबकडीचा अगदी आरंभीचा भाग वाचतो; जोशीने तिथेच बैठक मारलेली असे. म्हणजे घरधनी जागा होण्यापूर्वीच चोर माजघरात. कंट्रोल, आल्ट आणि डिलीट ही तीन बटणे एकदम दाबून यंत्र पुन्हा सुरू केले, तरी तो स्मरणात टिकून राही. त्यावर उपाय एकच : वीज बंद करायची, थोडे थांबायचे, आणि कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावून लेखनबंद केलेली एक निर्मळ फ्लॉपी घालून त्या फ्लॉपीवरून यंत्र उठवायचे. मगच हार्डडिस्क साफ करायची. रोगट यंत्राला स्वतःची तपासणी करायला सांगणे म्हणजे चोरालाच पंच नेमणे, हा धडा त्या दिवशी मिळाला.

शिक्षकांनी हे सर्व बिनचूक केले. पुढच्या रविवारी तपासले, तर जोशी पुन्हा हजर! तेव्हा त्यांनी आम्हा सगळ्यांच्या फ्लॉप्या एका डब्यात गोळा करून एकेक तपासली. चारांत तो सापडला, चारही साफ झाल्या. त्यानंतर दोन रविवार बरे गेले आणि तिसऱ्या रविवारी जोशी परत आला. मी आदल्या दिवशी घरी टेबलाचा खण आवरताना एक जुनी फ्लॉपी सापडली म्हणून सोबत आणली होती. शिक्षक माझ्याहून वयाने लहान होते, तेव्हा मर्यादा राखून म्हणाले, “सर, मशिन किती वेळा धुवायचं? जोशी तुमच्या खिशातून येतोय.”

मी शरमलो, पण खरे सांगायचे तर समजलो नाही. ती गोष्ट मी त्या एका फ्लॉपीची चूक म्हणून सोडून दिली.

आता थोडे मागे जाऊ. अमेरिकेत फ्रेड कोहेन नावाच्या संशोधक विद्यार्थ्याने १९८३ मध्ये, स्वतःच्या प्रती काढीत पसरणारा प्रोग्राम प्रयोगाने दाखवला. त्याला ‘व्हायरस’ हे नाव सुचवले ते त्याचे गुरू लिओनार्ड एडलमन यांनी. १९८४ च्या आपल्या निबंधात कोहेनने एक निराश करणारी गोष्ट सिद्ध केली : जगातला प्रत्येक विषाणू अचूक ओळखील आणि निर्दोष प्रोग्रामवर कधी आळ घेणार नाही, असा परीक्षक प्रोग्राम रचताच येणार नाही. ही कारागिराची कमतरता नव्हे. ती गणितानेच घातलेली मर्यादा आहे.

दोनच वर्षांनी, १९८६ च्या जानेवारीत, लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या बंधूंचा ‘ब्रेन’ बाहेर पडला. घरगुती वापराच्या ‘पीसी’ जातीच्या संगणकांवरला तो पहिला विषाणू मानला जातो. मौज अशी की या बंधूंनी त्यात आपले नाव, पत्ता आणि टेलिफोन नंबरही लिहून ठेवला होता. पुढे ६ मार्च १९९२ या दिवशी ‘मायकेलअँजेलो’ विषाणू तबकड्यांवरील मजकूर पुसणार, अशी हाकाटी जगभर झाली. भाकीत लाखो यंत्रांचे होते. बळी पडली ती हजारांत मोजावी इतकीच. तथापि ज्याची पुसली गेली, त्याचे दुःख आकड्याने हलके होत नाही.

त्याच सुमारास पुण्यात कॅलक्युलेटर-दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर संगणक दुरुस्त करू लागले होते. दुरुस्तीस येणाऱ्या यंत्रांत विषाणूंनी बिघडलेली पुष्कळ असत. त्यांचे धाकटे बंधू संजय हे संगणकशास्त्राचे विद्यार्थी. त्यांनी ही यंत्रे साफ करणारे प्रोग्राम लिहिले आणि १९९० च्या दशकाच्या मध्यास त्यांतून ‘क्विक हील’ उभे राहिले. आमच्या भागातल्या दुकानांतून ते नाव इतके रुळले की पुष्कळांना ‘अँटिव्हायरस’ म्हणजे तेच वाटे. १९९२ साली आमच्या शिक्षकांनी जे हाताने केले, ते आता पेटीतली तबकडी करू लागली. खण आवरण्याचे काम मात्र कोणत्याच पेटीत मिळत नव्हते.

२००३ मध्ये मी घरी संगणक घेतला. त्याचे एक विशेष कारण होते. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि इंदापूर, करमाळा, दौंडकडची कितीतरी नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. त्या गावांतल्या वृद्धांच्या आठवणी मी १९९४ पासून कॅसेटवर उतरवून घेत होतो : कोणाचा वाडा कुठे होता, जत्रेत मानाचे पहिले नारळ कोणाचे, नदीच्या वाळवंटात कलिंगडे कशी लावत. कॅसेटींना बुरशी धरू लागली, म्हणून एकूण एक ध्वनिफिती मी संगणकात चढवल्या आणि मजकूर मराठीत टंकला. सांगणाऱ्यांपैकी बहुतेक एव्हाना निवर्तले होते.

२००९ च्या मे महिन्यात एका सकाळी ते फोल्डर उघडेना. त्याच नावाचे, तशाच पिवळ्या चित्राचे काहीतरी तिथे होते. पण टिचकी मारली की क्षणभर पडदा थरथरे आणि पुन्हा तेच. दुकानातून माणूस आला, साफ करून गेला. आठ दिवसांत तोच प्रकार. पुन्हा साफ केले, पुन्हा आला. तिसऱ्या खेपेस त्याने सांगितले, “सगळं गेलंय, फॉरमॅट मारू.” मी त्याला हात लावू दिला नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. गावे एकदा पाण्याने बुडाली होती. दुसऱ्यांदा ती माझ्या हातून बुडणार होती.

माझी एक माजी विद्यार्थिनी तेव्हा बारामतीला विद्या प्रतिष्ठानच्या महाविद्यालयात संगणकाचे शिक्षण घेत होती. ती सुटीवर आली होती. तिने आधी टेलिफोनची वायर काढली, म्हणजे यंत्राचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटला. मग स्वतः तयार करून आणलेल्या सीडीवरून यंत्र सुरू केले आणि काळ्या पडद्यावर एक ओळ टंकली. ‘अ‍ॅट्रिब’ नावाची ती आज्ञा डॉसच्या काळापासूनची; तिने फाइलींवरचा लपवल्याचा शिक्का काढला. एकामागून एक माझी सारी फोल्डरे समोर आली. विषाणूने ती पुसली नव्हती. फक्त दडवून त्यांच्या जागी आपली सोंगे बसवली होती. उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते, तसे मला झाले. मी बराच वेळ काही बोललो नाही.

तिने ध्वनिफिती, मजकूर आणि छायाचित्रे तेवढी कोऱ्या सीडींवर उतरवली. प्रोग्राम एकही घेतला नाही. एकदा लिहिली की बदलता येत नाही, म्हणून सीडी. मग हार्डडिस्क कोरी करून विंडोज नव्याने बसवले. “साफ झालं असं वाटतं, पण खात्री देता येत नाही, नव्याने बसवलेलं बरं,” असे ती म्हणाली. कोहेनने गणिताने सांगितले ते हेच. दुकानदाराची सफाई का टिकली नाही, तेही तिने दाखवले. यंत्र जुन्या स्थितीत परत नेण्याची जी सोय विंडोजमध्ये असते, तिच्या साठ्यात चांगल्या फाइलींबरोबर रोगटही जपल्या जातात. हा आमचा खोडवाच की!

मग तिने विचारले, “सर, घरात पेनड्राइव्ह किती?” मी तीन काढून दिले. एक दिवाळी अंकाच्या मजकुरासाठी छापखान्यात जाऊन-येऊन असे. पेनड्राइव्ह लावताच त्यावरचा प्रोग्राम आपोआप चालवणारी सोय त्या काळी विंडोजमध्ये चालू असे, आणि विषाणूंना तीच पालखी होती. तिन्हींत रोग निघाला. “आणि सीडी?” मी खण उघडला. त्यात मराठी टंकण्याच्या प्रोग्रामची एका स्नेह्याने दिलेली, कुलूप तोडलेली फुकट प्रत होती. प्रत्येक सफाईनंतर मी ती पुन्हा चढवीत असे. चढवताना अँटिव्हायरस ओरडे. आणि सोबतच्या चिठ्ठीत लिहिले होते म्हणून मी अँटिव्हायरस बंद करीत असे! पहारेकऱ्याला झोपायला सांगून मीच दार उघडत होतो. दुकानदाराला मी उगाच बोल लावला होता. बारामतीच्या शिक्षकांचे १९९२ मधले वाक्य मला त्या दुपारी समजले.

तिने घालून दिलेले नियम मी आजवर पाळतो. प्रोग्राम विकतचा किंवा मूळ कर्त्याने मोफत दिलेला. तोडलेला कधीच नाही. बाहेरून आलेला पेनड्राइव्ह तपासल्यावाचून उघडायचा नाही. रोजच्या कामाला मर्यादित अधिकारांचे खाते. सफाईनंतर सारे पासवर्ड बदलायचे, तेही निर्मळ यंत्रावरून. आणि विंडोजची दुरुस्ती आली की त्याच दिवशी बसवायची.

या शेवटच्या नियमाचे मोल पुढच्या इतिहासाने पटवले. २००८ च्या नोव्हेंबरात पसरलेल्या ‘कॉनफिकर’ने ज्या भोकातून शिरकाव केला, ते बुजवणारी दुरुस्ती ऑक्टोबरातच निघाली होती. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने जगभर संगणक ओलीस धरले, त्यावरची दुरुस्ती १४ मार्चलाच मिळत होती. औषध होते, घेतले नव्हते. पेनड्राइव्हची ती आपोआप चालणारी सोय २०११ मध्ये जुन्या विंडोजांतूनही काढण्यात आली. विंडोज १० ची नित्याची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. तेव्हा मी जुन्या यंत्राचा मोह सोडला. ‘सायबर स्वच्छता केंद्र’ या सरकारी संस्थेकडून २०१७ पासून सफाईची साधने फुकट मिळतात. आता लग्नपत्रिकेच्या किंवा दंडाच्या पावतीच्या नावाने फोनवर ‘एपीके’ फाइल येते. सोंग नवे, वाट जुनीच : उघडणारा हात आपला.

आठवणींच्या आज तीन प्रती आहेत. एक यंत्रात, एक एरवी यंत्राला न जोडलेल्या डिस्कवर, आणि एक पुण्याला मुलाकडे. दिवाळीपूर्वी घर झाडून झाले की मी टेबलाचा खण रिकामा करतो, आत काय काय साठले ते पाहतो. मग ती सुटी डिस्क जोडून कुठलीतरी एक ध्वनिफीत लावतो. प्रत ठेवली एवढे पुरत नाही, ती वाजते की नाही हे पाहावे लागते. यंदा एका म्हातारीचा आवाज लागला. पाण्याखालच्या आपल्या गावात दिवाळीच्या पहाटे नदीवर स्नानाला कशा जात, ते ती सांगत होती. मागे कोंबडा आरवत होता. शेवटपर्यंत ऐकले आणि डिस्क काढून ठेवली.