कपाटात काय ठेवायचं? मराठी पुस्तकांच्या वाटेवरून



स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला सांगितलं, "वेगवेगळ्या प्रकारची वाचण्यासारखी पुस्तकं सुचव." व्यवसायाने मी सॉफ्टवेअर इंजिनियर, त्यामुळे याद्या करणं हे रोजचंच काम. पण नुसती यादी फॉरवर्ड होते, वाचली जात नाही, हे आपल्या ग्रुपवर सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून पुस्तकं साधारण ज्या क्रमाने मराठीत आली, त्या क्रमाने सांगते. एखादं पुस्तक कोणी, कुठल्या अडचणीत लिहिलं आणि ते आपल्यापर्यंत कसं पोचलं हे कळलं, की हात आपोआप त्याच्याकडे वळतो. इतिहासाच्या तासाला सनावळ्यांचा धसका घेणाऱ्यांनी घाबरू नये. सनावळ्या आहेत, परीक्षा नाही.

हे लिहिण्यामागे आणखी एक कारण आहे. स्नेहसंमेलनाच्या निधीतून उरलेल्या रकमेचं शाळेसाठी काय करायचं, यावर आपल्यात दोन मतं आहेत: एक प्रोजेक्टर, दुसरं पुस्तकांचं कपाट. माझं मत शेवटी सांगते.

सुरुवात गोव्यापासून. १६१६ साली राचोलला फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. भाषा मराठी, छंद ओवीचा, पण अक्षरं रोमन, कारण देवनागरीचे खिळेच नव्हते. आपल्या ग्रुपवर इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करणाऱ्यांनी आता बिनधास्त सांगावं, की आमची परंपरा चारशे वर्षांची आहे! देवनागरी खिळ्यांनी मराठी पुस्तक छापलं गेलं ते मात्र मराठी मुलखाबाहेर, बंगालमधल्या सेरामपूरला. विल्यम केरीचं मराठी व्याकरण १८०५ साली तिथून निघालं.

मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली पंचांग छापलं, तेव्हा लोक छापील कागदाला शिवायला तयार नव्हते. शाईत चरबी असते, असा समज. म्हणून त्यांनी शाईत तूप वापरलं, असं सांगतात. नव्या तंत्राला लोक का बिचकतात याचा आधी विचार करायचा आणि मग तंत्र त्यांच्या पद्धतीने बसवायचं, हे आमच्या क्षेत्रात आजही भल्याभल्यांना जमत नाही. पुढच्याच वर्षी, ६ जानेवारी १८३२ रोजी, बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' सुरू झालं आणि मराठी वाचक तयार होऊ लागला.

आता पुस्तकं. प्रवासवर्णनात पहिलं नाव विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'चं. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक. घरात कर्ज, म्हणून दक्षिणेच्या आशेने काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि नेमके १८५७ च्या बंडात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहराच्या आत होते. लुटले गेले, उपाशी राहिले, आणि तरी आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी पोचले. शाळेत आपण १८५७ ची 'कारणे व परिणाम' लिहिली. त्या दिवसांत रस्त्यावरचा माणूस काय खात होता, कशाला भीत होता, हे या पुस्तकात आहे. ते छापलं गेलं १९०७ साली, चिं. वि. वैद्यांच्या संपादनाखाली आणि बऱ्याच फेरफारांसह. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी ते १९६६ साली काढलं. घ्यायचं तर मूळ संहितेवरची आवृत्ती घ्या.

वैचारिक लेखनात मी ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' सुचवीन. साल १८८२, लेखिका बुलढाण्याच्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेणं सुरू झालं. ताराबाईंनी उलट विचारलं, की जे दोष बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत का? भाषा अशी धारदार, की आजही वाचताना आपण आजूबाजूला कोणी आहे का बघतो. महात्मा फुल्यांनी या पुस्तकाची बाजू घेतली. पण नंतर ते विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशित केलं, तेव्हा कुठे ते आपल्या पिढीपर्यंत आलं. म्हणजे नव्वदहून अधिक वर्षं हे पुस्तक असून नसल्यासारखं होतं. एखादी प्रत कुठेतरी टिकली म्हणून वाचलं.

आत्मचरित्रात लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत निघालेलं हे पुस्तक मी कुणालाही डोळे झाकून देते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. पुढे पाच वर्षांनी त्यांनीही तोच मार्ग घेतला. सोवळ्याच्या कल्पना कशा एकेक करून गळून पडल्या, ते त्या इतक्या हसतखेळत सांगतात, की डोळ्यांत पाणी कधी आलं ते कळत नाही. पल्लेदार वाक्यं नाहीत, विद्वत्ता नाही. मराठी वाचायची सवय सुटलेल्यांनी पुन्हा सुरुवात इथून करावी.

कथांमध्ये 'कळ्यांचे निःश्वास', १९३३. लेखिकेचं नाव छापलं होतं विभावरी शिरूरकर, पण ते टोपणनाव होतं. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं, हे लिहिल्यावर इतका गदारोळ झाला, की ही बाई कोण याचाच शोध सुरू झाला. त्या होत्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. आपल्यातल्या मैत्रिणींनी हे जरूर वाचावं आणि नव्वद वर्षांत काय बदललं याचा हिशेब स्वतःच करावा.

कवितेत बहिणाबाई चौधरी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर सुचलेल्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि मावसभावाने उतरवून ठेवल्या. १९५१ साली त्या गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' छापली गेली. ती वही माळ्यावरच राहिली असती तर?

ललित गद्यात दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र', १९५६. बारा महिने, बारा लेख. ऑफिसच्या काचेतून ऋतू फक्त एसीच्या आकड्यावर कळणाऱ्या आमच्यासारख्यांना हे औषध आहे. एकदम वाचू नका. ज्या महिन्याचा लेख, त्या महिन्यात वाचा. तेव्हा आपल्या सोसायटीतही चार झाडं आहेत हे दिसू लागतं.

कादंबरीत व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', १९५५. कोवळ्या वयाचा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर येतो, शाळा भरवू पाहतो आणि शेवटी दुष्काळ सगळं उठवून नेतो. आपल्या शिक्षकांनी ती वाचलेली असणारच. आपण विद्यार्थ्यांनी ती मास्तरच्या बाजूने वाचावी, म्हणजे वर्गात आपण काय काय उद्योग केले ते आठवेल. तिच्यानंतर भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला', १९६३. ती एकोणिसाव्या वर्षी आवडते, पण चाळिशीनंतर ती वेगळीच कादंबरी निघते.

महाभारत सीरियलमध्ये पाहिलेल्यांनी इरावती कर्वे यांचं 'युगान्त' वाचावं. १९६७ च्या या पुस्तकाला पुढच्या वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मानववंशशास्त्रज्ञ लेखिका कुंती, गांधारी, द्रौपदी, कर्ण यांच्याकडे माणसं म्हणून पाहते, देव म्हणून नाही. त्याच वर्षी रंगभूमीवर आलेलं विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक पुस्तकातूनही तितकंच अंगावर येतं.

यानंतरचं दालन शाळेच्या कपाटात हमखास कमी असतं, म्हणून त्याच्यावर थोडा भर देते. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं आणि मराठी वाचकाला आपल्याच गावाची दुसरी बाजू दिसली. आठ वर्षांनी, १९८६ साली, फलटणच्या बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' पुस्तकरूपात आलं. छोटं दुकान सांभाळता सांभाळता त्यांनी ते लिहिलं आणि कित्येक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. महारवाड्यातल्या बायकांचं जगणं, त्यांची उपासमार, आणि बाबासाहेबांचं भाषण ऐकून पोरांना शाळेत घालायचा त्यांचा निश्चय, सगळं त्यात आहे. वर्गात एका बाकावर बसलेली आपण मुलं एकाच वाटेने शाळेत पोचलो नव्हतो, हे मला अशा पुस्तकांनी शिकवलं.

विज्ञानकथेत अर्थातच जयंत नारळीकर. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. आपल्या आद्याक्षरांचा क्रम त्यांनी उलटा केला होता. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली. बक्षीस मिळालं, ते नावाला नाही, कथेला. त्यांचा 'यक्षांची देणगी' हा संग्रह आठवी-नववीच्या मुलांना द्या. आणखी लहानांसाठी भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' आहेच. फुरसुंगीचा बनेश फेणे अजूनही सायकलवरून सुसाट जातो आणि "ट्टॉक" म्हणतो. रात्री झोप उडवायची असेल तर बाबुराव अर्णाळकर. रहस्यकथांना नाक मुरडू नये. वाचनाचा वेग कित्येकांना त्यांनीच दिला.

आता माझं मत. ही पुस्तकं ओळीने पाहिली, तर एक गोष्ट लक्षात येते. एक हस्तलिखितात अडकलेलं, एक नव्वद वर्षं विसरलेलं, एक टोपणनावामागे, एक वहीत, एक घरच्यांपासून लपवलेलं. यातलं कुठलंही आपल्यापर्यंत पोचलंच नसतं, असं होऊ शकलं असतं. आमच्या भाषेत बोलायचं तर बॅकअप होता म्हणून डेटा वाचला.

प्रोजेक्टरवाल्या मित्रांचं म्हणणं मला कळतं. मुलं पडद्याकडे बघतात, पुस्तकाकडे नाही. आणि सगळं नेटवर मिळतंच की. पण आपण शाळा सोडली त्या काळात कॉम्प्युटरवर टाइप केलेल्या मराठी फाइल आज उघडून पाहा. त्या वेळच्या फॉन्टचं कोडिंग प्रत्येक कंपनीचं वेगळं होतं. युनिकोड सर्रास वापरात आल्यावर त्या फाइलींत अगम्य चिन्हं दिसतात. तीस वर्षांपूर्वीची फाइल वाचता येत नाही, पण १८८२ चा छापील कागद कोणताही शाळकरी मुलगा वाचू शकतो. प्रोजेक्टर पाच-सात वर्षांत जुना होईल, तेव्हा नवा घेणारी बॅच मागून येईलच. शिवाय नेटवर तेच मिळतं ज्याचं नाव आधी माहीत असतं. कपाटापुढे उभं राहिलेल्या मुलीला मात्र न शोधलेलं पुस्तक सापडतं.

म्हणून माझी सूचना अशी. वर सांगितलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती घेऊ, एक घरी न्यायला आणि एक कपाटात कायम ठेवायला. कपाटाला कुलूप नको. आणि आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या आवडीचं एक पुस्तक, पहिल्या पानावर बॅचचं वर्ष आणि ते का आवडलं याच्या दोन ओळी लिहून, त्यात घालावं. पुस्तकांची नावं ग्रुपवर पाठवा, यादी मी करते. तेवढं काम मला चांगलं जमतं.