तारेला टोचलेल्या पावत्या

भोंगवलीच्या आमच्या घरात, देवघराशेजारच्या खुंटीला एक तार टांगलेली आहे. तिचं खालचं टोक आकड्यासारखं वर वळवलंय आणि त्यात वर्षानुवर्षांच्या पावत्या टोचून ठेवल्या आहेत. विजेची बिलं, सोसायटीच्या पीककर्जाच्या पावत्या, गुलटेकडी मार्केट यार्डातल्या आडत्यानं दिलेल्या पट्ट्या, आणि दर वर्षाची एक घरपट्टीची पावती. तार भरली की आबा जुनी चळत सुतळीनं बांधून पत्र्याच्या पेटीत टाकतात. फेकत काहीच नाहीत.

गेल्या दिवाळीत मी घरी गेलो होतो. ओसरीवर आबा आणि त्यांचे दोन-तीन सोबती घरपट्टीवर बोलत बसले होते. दर चार वर्षांनी घरांची फेरआकारणी होते, नमुना आठच्या नोंदवहीत नवे आकडे चढतात, तेव्हा अशी चर्चा आमच्याकडेच काय, कुठल्याही गावात होते. मी पुण्यात नऱ्हे भागात राहतो, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. महिन्याला जितका फोनचा आणि इंटरनेटचा खर्च होतो, त्याच्या आसपासची रक्कम इथं वर्षाला भरायची आणि त्यावर एवढी चर्चा? मी सहज बोलून गेलो, "आबा, गावाला सगळं पाहिजे. रस्ता पाहिजे, नळ पाहिजे, गटार पाहिजे. पट्टी तेवढी नको."

सोबती हसले. आबा हसले नाहीत. ते उठून आत गेले आणि तारेवरून दोन कागद काढून घेऊन आले. एक आडत्याची पट्टी, एक घरपट्टीची पावती.

"ही बघ," आडत्याची पट्टी पुढे करत ते म्हणाले. "वजन किती, भाव काय, हमाली किती, तोलाई किती, हातात किती पडले. आडत्या काय आपला सोयरा न्हाय, तरी लिहून देतो. आता ही बघ. कशाच्या नावानं घेतले ते हाय. पुढं कुठं गेले ते न्हाय. पट्टी वाढवायला कोण नको म्हणतंय? कशापायी ते सांगा, एवढंच."

करपावतीचा नमुना गावात असो की शहरात, तो असाच असतो; त्यात कुणा एकाची चूक नाही. पण मला उत्तर सुचलं नाही. माझ्या रोजच्या कामात एखाद्या प्रणालीतली नोंद बदलली तर ती कुणी बदलली, कधी आणि का, याचा माग ठेवावाच लागतो. तो नसेल तर काम पुढे सरकत नाही. तीच अपेक्षा वडिलांनी केली तेव्हा मात्र मला ती कुरकुर वाटली होती. तो सल घेऊन मी पुण्याला परतलो, आणि कर, कर्ज आणि नगरपालिका यांचा जुना इतिहास वाचत सुटलो. वाचता वाचता दीडशे वर्षांपूर्वीच्या मुंबईत पोचलो.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं आणि तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा ओतला गेला, रोज नव्या बँका आणि कंपन्या निघाल्या, बॅक बेच्या भरावाचे शेअर्स आकाशाला भिडले. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि १ जुलैला, वायद्यांचे पैसे चुकते करायच्या दिवशी, सगळा डोलारा कोसळला. नेमक्या त्याच वर्षी मुंबईच्या नगरपालिकेचा नवा कायदा झाला आणि आर्थर क्रॉफर्ड हा तरुण आयसीएस अधिकारी शहराचा म्युनिसिपल कमिशनर म्हणून आला.

त्याआधी कारभार तीन कमिशनरांच्या हाती होता आणि तो धड चालत नव्हता. नव्या कायद्यानं सगळे कार्यकारी अधिकार एका माणसाला दिले. त्याच्यावर नजर ठेवायला जस्टिसेस ऑफ द पीस यांची सभा होती, पण हे जस्टिस सरकारनं नेमलेले. लोकांनी निवडून दिलेला त्यात एकही नाही.

क्रॉफर्डनं कामाचा धडाका लावला. रस्ते रुंद केले, गटारं काढली, कत्तलखाना शहरातून वांद्र्याला हलवला, साफसफाईची यंत्रणा उभी केली. १८६९ मध्ये पूर्ण झालेली क्रॉफर्ड मार्केटची इमारत त्याच काळातली. हे सगळं वाचताना मी उघडउघड त्याच्या बाजूचा होतो. आमच्या क्षेत्रात अशी माणसं आवडतात. समित्या बसवत बसायचं नाही, काम उरकायचं. घाणीनं आणि पटकीनं माणसं मरत असताना परवानगीची वाट कशाला पाहायची?

पण बिल आलंच. घरांवरचा कर, पोलीस आणि दिवाबत्तीचे कर, मैला वाहून नेण्याचा हलालखोर कर, गाड्याघोड्यांवरचा कर, शहरात येणाऱ्या मालावरची जकात, असं सगळं वसूल करूनही खर्च उत्पन्नाच्या पुढे पळत होता. पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी कामं चालू वर्षाच्या पैशातून आणि उधारीतून उरकली जात होती. तेजीत वाढलेली घरभाडी मंदीत उतरली होती, तरी कराची मागणी कमी होत नव्हती. नगरपालिका कर्जात बुडाल्याचं १८७१ पर्यंत लपण्यासारखं राहिलं नाही, आणि करवाढीची भाषा सुरू होताच करदाते उठले. सभा झाल्या, अर्ज गेले. नौरोजी फर्दुनजी यांच्यासारखे जाणते पुढारी करदात्यांच्या बाजूनं उभे राहिले. क्रॉफर्डला पायउतार व्हावं लागलं.

गोष्ट इथं संपली असती तर तो फक्त एका उधळ्या अधिकाऱ्याचा किस्सा झाला असता. पण २९ नोव्हेंबर १८७१ रोजी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये फिरोजशहा मेहता नावाच्या सव्वीस वर्षांच्या बॅरिस्टरनं एक निबंध वाचला. म्हणजे साधारण माझ्याच वयाचा माणूस. सभा क्रॉफर्डवर खवळलेली, आणि हा सांगत होता की कामाची सूत्रं एकाच जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती असणं चूक नाही. त्याला जाब विचारणारे जस्टिस कुणालाच बांधील नाहीत, दोष तिथं आहे. कर भरणाऱ्यांना आपले प्रतिनिधी निवडू द्या आणि खर्चाची नाडी त्यांच्या हातात द्या. श्रोत्यांना ते रुचलं नाही, त्यांनी विरोध केला.

मला मात्र ते वाचताना आबांच्या हातातले दोन कागद आठवले. मी क्रॉफर्डच्या बाजूनं होतो, त्यात तसं चूक नव्हतं. त्याची बरीच कामं गरजेचीच होती. पण गरजेचं काम आणि विचारून केलेलं काम या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली असली की दुसरी माफ होते असं मी धरून चाललो होतो.

१८७२ साली नवा कायदा झाला. ६४ सभासदांची नगरपालिका ठरली. त्यातले ३२ करदात्यांनी निवडायचे, १६ जस्टिसांनी, १६ सरकारनं नेमायचे. कमिशनर राहिला, पण पैशाच्या व्यवहारावर लक्ष ठेवायला बारा जणांची टाउन कौन्सिल आली. आज महापालिकेत आपण जिला स्थायी समिती म्हणतो, ती हिचीच वारस. थोडक्यात, मुंबईला मत मिळालं ते पट्टीच्या भांडणातून.

अर्थात मत सगळ्यांना मिळालं नाही. वर्षाला किमान पन्नास रुपये कर भरणाऱ्यालाच ते होतं. १८७२ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या घरात होती. मतदार काही हजार. चाळीतल्या खोलीचं भाडं भरणारा गिरणी कामगार भाड्यातून घरमालकाची पट्टी भरत होता, बाजारातून सामान आणताना जकात भरत होता. पण त्याच्या नावावर पावती नव्हती, म्हणून तो करदाता नव्हता. हिशेब मागायचा हक्क मिळाला तो ज्यांच्या घरी टोचायला पावती होती त्यांना.

क्रॉफर्ड पुढे आमच्या भागात आला. १८८८ मध्ये तो मध्य विभागाचा कमिशनर म्हणून पुण्यात असताना मामलेदारांकडून नेमणुका-बदल्यांसाठी मध्यस्थांमार्फत पैसे घेतल्याचे आरोप त्याच्यावर झाले. चौकशी आयोगानं लाचखोरीच्या आरोपांतून त्याला सोडलं. मात्र हाताखालच्या लोकांकडून कर्ज घेतल्याबद्दल त्याची नोकरी गेली. ज्या मामलेदारांनी अभय मिळाल्यावर साक्षी दिल्या होत्या, तेच नंतर अडचणीत आले आणि टिळकांनी त्यांची बाजू लावून धरली. शहराला कर्जात टाकणारा माणूस स्वतःही कर्जातच होता.

पुण्याच्या नगरपालिकेत याच सुमाराला एक वेगळा आवाज होता. महात्मा फुले १८७६ ते १८८२ या काळात सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून त्याच्या स्वागताला हजार रुपये खर्च करायचा प्रस्ताव आला, तेव्हा एकट्या फुल्यांनी विरोधात मत दिलं. हा पैसा लोकांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. भाजीबाजारासाठी भव्य मंडई बांधायच्या बेतालाही त्यांचा विरोध होता, कारण तेच. तरी १८८६ मध्ये रे मार्केट उभं राहिलं. माझे आजोबा ज्या मंडईबद्दल सांगायचे ती हीच. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला फुल्यांचं नाव दिलं गेलं. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही आज त्यांचंच नाव आहे. पट्टीच्या पैशातून उभ्या राहिलेल्या दोन मंडया, आणि दोन्हींवर नाव पट्टीच्या पैशाचा जाब विचारणाऱ्याचं. फुल्यांचा प्रश्न मुंबईच्या घरमालकांपेक्षा पुढचा होता. पैसा कुणी भरला याच्यापुढे जाऊन तो कुणासाठी खर्च होतोय, हे ते विचारत होते.

आता अगदी अलीकडचं. २२ जून २०१७ रोजी पुणे महापालिकेनं चोवीस तास पाणी योजनेसाठी २०० कोटींचे कर्जरोखे काढले. व्याज ७.५९ टक्के, मुदत दहा वर्षं. मुंबईच्या शेअर बाजारात केंद्रीय मंत्र्यांच्या उपस्थितीत समारंभ झाला. योजनेसाठी एकूण २,२६४ कोटींचं कर्ज उभारायचा बेत होता, आणि पाणीपट्टी टप्प्याटप्प्यानं वाढवायचा निर्णय त्याआधीच झालेला होता. विरोधी पक्षांनी रान उठवलं. कामाच्या निविदा पक्क्या नसताना कर्ज कशाला? पुढे त्या निविदा चढ्या दरांमुळे रद्द करून पुन्हा काढाव्या लागल्या. सत्ताधारी म्हणत होते, शहर वाढायचं तर कर्ज काढावंच लागतं. मला आज दोन्ही बाजूंचं पटतं. आणि तो वाद निवडलेल्या सभागृहात झाला, नगरसेवकांची नावं आणि मतं नोंदली गेली, हे त्याहून महत्त्वाचं वाटतं.

कारण पुढे ते सभागृहच राहिलं नाही. मार्च २०२२ मध्ये पुणे आणि मुंबई या दोन्ही महापालिकांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या, आणि थेट जानेवारी २०२६ पर्यंत कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. त्या काळातली अंदाजपत्रकं आयुक्तांनीच मांडली आणि प्रशासक म्हणून त्यांनीच मंजूर केली. ३० जून २०२१ ला पुण्यात २३ गावं घेतली गेली. मी राहतो ते नऱ्हे त्यातलंच. ग्रामपंचायत गेली आणि नगरसेवक आला नाही, अशी साडेचार वर्षं. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही आधीच महापालिकेत गेलेली गावं तर मिळकतकरावरच्या नाराजीतून झगडत राहिली, आणि २०२४ मध्ये त्यांना बाहेर काढून वेगळी नगरपरिषद करण्यात आली. या सगळ्या काळात मी भाडेकरू होतो. कर घरमालकाच्या नावावर, भाडं माझ्या खात्यातून. मुंबईच्या चाळीतल्या माणसाबद्दल वाचताना फार लांबचं काही वाचतोय असं म्हणूनच वाटलं नाही.

संक्रांतीला घरी गेलो तेव्हा आबांना क्रॉफर्डची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली. मग विचारलं, "त्या पन्नास रुपयेवाल्यांनी तरी पुढं हिशेब बघितला का?"

"काहींनी बघितला असेल," मी म्हणालो.

"मंग आपण तरी कुठं बघितला?"

त्यांचं बरोबर होतं. मुंबईच्या करदात्यांना जे भांडून अर्धंमुर्धं मिळालं, ते आमच्या गावाला कायद्यानं पूर्ण मिळालेलं आहे. पन्नास रुपयांची अट नाही, घर नावावर असण्याची अट नाही. मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद आहे, आणि पंचायतीचा वर्षाचा जमाखर्च ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो. माझं नाव अजून गावच्याच यादीत आहे. अठरा पूर्ण झाल्यापासून आजवर मी एकाही ग्रामसभेला गेलेलो नाही. आबाही कधीमधीच जातात. ओसरीवर बसून विचारलेला प्रश्न ओसरीवरच राहतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

परतायच्या आदल्या रात्री मी पत्र्याची पेटी उघडून बसलो. घरपट्टीच्या पावत्या वेगळ्या काढल्या, वर्षं लावली, आकडे लॅपटॉपवर एका तक्त्यात उतरवले. तीन वर्षांच्या पावत्या सापडल्या नाहीत, त्या ओळी रिकाम्या ठेवल्या. आबा चष्मा लावून शेजारी बसले आणि आकडे मोठ्यानं वाचून देत राहिले. संपल्यावर म्हणाले, "आता ह्याच्या शेजारी खर्चाचा रकाना कर."

केला. तो अजून रिकामा आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेसाठी मी रजा टाकली आहे.