विश्लेषणवादी तत्त्वज्ञान आणि डावी सहानुभूती

विश्लेषणवादी तत्त्वज्ञांचा कल डाव्या राजकारणाकडे असतो असा समज आढळतो. तो सर्वस्वी निराधार नाही. रसेलचे पहिले पुस्तक (१८९६) जर्मन सामाजिक लोकशाहीवर होते. युद्धविरोधी लेखनाबद्दल १९१८ मध्ये त्याने कारावास भोगला. व्हिएन्ना मंडळातील नॉयराट १९१९ च्या क्रांतिकाळात बव्हेरियातील केंद्रीय आर्थिक नियोजन कार्यालयाचा प्रमुख होता. परंतु ज्याच्या तर्कशास्त्रावर ही परंपरा उभी आहे, त्या फ्रेगेची १९२४ ची दैनंदिनी समाजवादाचा विरोध व ज्यूद्वेष प्रकट करते. तेव्हा पद्धतीतून राजकारण निष्पन्न होते असे म्हणता येत नाही. विधानाचा अर्थ कसा तपासावा हे विश्लेषण शिकविते. संपत्ती कोणाची असावी हे ते सांगत नाही.

मग या दोहोंचा संबंध कोणता? महाराष्ट्रातील उदाहरण येथे उद्बोधक ठरते. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक दि. य. देशपांडे यांनी एप्रिल १९९० मध्ये नागपुरातून 'आजचा सुधारक' हे मासिक सुरू केले. नावातच आगरकरांच्या १८८८ च्या 'सुधारका'शी नाते सांगितलेले होते. रसेलच्या विवाह व नीतीविषयक ग्रंथाचे भाषांतरही त्यात क्रमशः आले. येथे रसेलचा वारसा पक्षीय समाजवादाकडे न जाता विवेकवाद, स्त्रियांचे स्वातंत्र्य आणि धर्मचिकित्सा यांकडे वळला. आपल्याकडे सुधारकांचा झगडा मुख्यत्वे शब्दप्रामाण्याशी होता, हे त्याचे एक कारण दिसते. विश्लेषण प्रत्येक अधिकारवाणीकडे पुरावा मागते. तो प्रथम कोणाकडे मागावयाचा हे मात्र त्या त्या समाजाचा इतिहास ठरवितो.