रेझिन अर्धपुतळ्यावरील त्वचारंगकाम

रेझिन अर्धपुतळ्यावरील त्वचारंगकाम म्हणजे रेझिनमध्ये ओतलेल्या किंवा थ्रीडी प्रिंटरवर तयार केलेल्या लहान अर्धपुतळ्याचा चेहरा, मान व हात खऱ्या त्वचेसारखे दिसतील अशा रीतीने रंगविण्याची कला होय. प्रतिकृतिनिर्मितीच्या छंदात सैनिक, सेनानी व ऐतिहासिक योद्धे यांचे अर्धपुतळे विशेष लोकप्रिय आहेत. अशा पुतळ्यात गणवेश, पदके किंवा शिरस्त्राण यांपेक्षा पाहणाऱ्याची नजर प्रथम चेहऱ्याकडे जाते. त्यामुळे त्वचेचे रंगकाम हा या कलेतील सर्वांत महत्त्वाचा व अवघड भाग मानला जातो. त्वचा कोणत्याही एका रंगाची नसते, ती अनेक पातळ रंगथरांतून उभी करावी लागते, हे या कामाचे मूलतत्त्व आहे. भारतीय सैनिकांचे पुतळे रंगविताना या तत्त्वाला आणखी महत्त्व येते, कारण बाजारात मिळणारे तयार 'त्वचारंग' बहुतांशी युरोपीय वर्णाला अनुसरून केलेले असतात.

स्वरूप आणि प्रमाण

अर्धपुतळ्यात डोके, मान, खांदे व छातीचा वरचा भाग एवढाच अंतर्भूत असतो; क्वचित हातही दाखविले जातात. प्रतिकृतींमध्ये १:९, १:१०, १:१२ व १:१६ ही प्रमाणे नेहमी आढळतात. प्रौढ माणसाच्या डोक्याची उंची साधारणपणे २२ ते २४ सेंटीमीटर असते, म्हणजे १:१० प्रमाणात ती २२ ते २४ मिलिमीटर भरते. याच प्रमाणात डोळ्याची फट सुमारे ३ मिलिमीटर रुंद आणि बुबुळ सुमारे १.२ मिलिमीटर व्यासाचे होते. एवढ्या लहान पृष्ठभागावर नैसर्गिक प्रकाश पुरेशा छाया पाडत नाही. म्हणून खऱ्या चेहऱ्यावर जे काम प्रकाश करतो, ते येथे रंगकर्त्याला कुंचल्याने करावे लागते.

पार्श्वभूमी

पुतळ्याच्या त्वचेला रंग देण्याची प्रथा प्राचीन आहे. इजिप्तमधील अमार्ना येथे १९१२ साली सापडलेला राणी नेफरतितीचा अर्धपुतळा चुनखडीचा असून त्यावर गिलाव्याचा थर आहे. तिच्या त्वचेच्या रंगात लोहयुक्त तांबडे रंगद्रव्य वापरलेले आहे. ग्रीक व रोमन संगमरवरी शिल्पे आज पांढरी दिसत असली, तरी त्यांपैकी अनेक मुळात रंगविलेली होती. इटालियन चित्रकार चेन्निनो चेन्निनी याने १४०० च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात त्वचेखाली हिरवट अस्तर देऊन त्यावर गुलाबी छटा चढविण्याची पद्धत सांगितली आहे. खालचा थर वरच्या थरातून डोकावू देण्याचे हे तंत्र आजचे प्रतिकृतिकारही वापरतात.

महाराष्ट्रात रंगीत मूर्तीची परंपरा मुख्यतः गणेशमूर्तींच्या कारखान्यांतून टिकून आहे. रायगड जिल्ह्यातील पेण हे त्याचे प्रसिद्ध केंद्र आहे. मूर्तीला अंगाचा रंग दिल्यावर कडांना व सांध्यांना शेडिंग केले जाते आणि शेवटी डोळ्यांची आखणी होते. आखणी करणारा कारागीर हा कारखान्यातील सर्वांत कसबी माणूस समजला जातो. याउलट स्मारकशिल्पे धातूच्याच एका रंगात ठेवण्याची रीत आहे. पुण्यातील श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातील शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा घडविणारे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) हे अलिबागजवळच्या सासवणे गावचे होते आणि त्यांच्या घरात गणेशमूर्ती करण्याची परंपरा होती. १९२८ साली उभारलेला हा पुतळा कांस्याचा असून त्यावर रंग नाही. नवी दिल्ली येथील राष्ट्रीय समर स्मारकातील परमवीर चक्र मानकऱ्यांचे अर्धपुतळेही कांस्याचेच आहेत. छंद म्हणून रंगविले जाणारे सैनिकी अर्धपुतळे या दोन्ही परंपरांच्या मध्ये येतात: त्यांचा घाट स्मारकाचा असतो, पण पृष्ठभाग मूर्तीप्रमाणे रंगीत असतो.

दिवाळीत मुले किल्ले करतात, त्यांवर मांडले जाणारे मातीचे व प्लास्टरचे मावळे हे मराठी घरांतील सर्वांत परिचित सैनिकी पुतळे होत. त्यांच्या चेहऱ्याला सहसा एकच गुलाबट रंग दिलेला असतो. किल्ल्यावरच्या खेळण्याला तो पुरतो. मात्र अर्धपुतळ्याचा चेहरा जवळून पाहिला जात असल्याने तेथे तो निर्जीव वाटतो.

त्वचेचा रंग कशामुळे दिसतो

त्वचेचा रंग प्रामुख्याने दोन द्रव्यांवर अवलंबून असतो. पहिले मेलॅनिन हे तपकिरी-काळसर रंगद्रव्य आणि दुसरे रक्तातील लाल हिमोग्लोबिन. मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशींची संख्या सर्व मानवसमूहांत जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो तयार होणाऱ्या मेलॅनिनचे प्रमाण व प्रकार यांमुळे. प्रकाशाचा काही भाग त्वचेच्या पृष्ठभागावरून परावर्तित होतो, तर काही आत शिरून विखुरतो व पुन्हा बाहेर येतो. कानाची पाळी उन्हात लालसर दिसते ती यामुळेच. अपारदर्शक रंगाच्या एका जाड थरात हा परिणाम साधता येत नाही. पातळ, अर्धपारदर्शक थर एकावर एक चढविल्यास त्याचा आभास होतो.

गोऱ्या त्वचेत रक्ताचा लालसरपणा सहज जाणवतो. गव्हाळ व सावळ्या त्वचेत तो तपकिरी रंगात मिसळून तांबूस किंवा विटकरी दिसतो. सावळ्या त्वचेवर पृष्ठभागाची चमक अधिक उठून दिसते आणि आकाशाच्या परावर्तनामुळे ती किंचित निळसर असते. म्हणून सावळा चेहरा म्हणजे गोऱ्या चेहऱ्याच्या रंगात तपकिरी मिसळून केलेला चेहरा नव्हे. त्याची छाया आणि उजाळा यांची घडण वेगळी असते.

तयार त्वचारंगांची मर्यादा

पाश्चात्त्य रंगउद्योगात 'त्वचारंग' या नावाचा अर्थ दीर्घकाळ फिकट गुलाबी असाच होता. अमेरिकेतील क्रेयोला कंपनीने आपल्या अशा नावाच्या खडूचे नाव १९६२ साली बदलून 'पीच' असे ठेवले. भारतातही चित्रकलेच्या पेट्यांतील 'स्किन कलर' बहुधा याच छटेचा असतो आणि शाळकरी मुले स्वतःचे चित्रसुद्धा त्याच रंगाने रंगवितात. त्वचेच्या छटांचे वैविध्य नोंदविण्यासाठी अलीकडे व्यापक श्रेणी तयार झाल्या आहेत. समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांनी तयार केलेली आणि गुगलने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेली श्रेणी दहा छटांची आहे. प्रतिकृतिकारासाठी मात्र श्रेणीपेक्षा प्रत्यक्ष निरीक्षण अधिक उपयोगी ठरते. एकाच माणसाचे कपाळ, गाल, हनुवटी, मानेचा मागचा भाग आणि तळहात यांच्या छटा एकमेकींपासून स्पष्ट वेगळ्या असतात.

साहित्य

जलीय ॲक्रिलिक रंग व तैलरंग ही दोन्ही माध्यमे वापरात आहेत. ॲक्रिलिक लवकर वाळतात आणि त्यांचे पातळ थर झटपट देता येतात. तैलरंग सावकाश वाळत असल्याने दोन छटांची सीमारेषा कोरड्या कुंचल्याने पुसट करता येते. अनेक रंगकर्ते ॲक्रिलिकचा मूळ थर देऊन त्यावर तैलरंगाचे काम करतात. भारतीय वर्णासाठी पुढील मोजके रंग पुरेसे ठरतात:

• यलो ऑकर, म्हणजे पिवळ्या मातीचा रंग
• बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस विटकरी
• बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी
• अल्ट्रामरीन निळा
• टायटॅनियम पांढरा
• गडद लाल, अगदी थोड्या प्रमाणात

पूर्वतयारी

साच्यातून काढलेल्या रेझिनवर साचा सुटा होण्यासाठी वापरलेल्या द्रव्याचा तेलकट अंश राहतो. तो कोमट पाणी, साबण व मऊ ब्रश यांनी धुऊन काढला नाही, तर रंग पुढे पापुद्र्यांनी सुटतो. प्रिंटरवर केलेला पुतळा अल्कोहोलमध्ये धुऊन अतिनील प्रकाशात पक्का केलेला असावा लागतो. साच्याच्या शिवणरेषा व छपाईचे थर बारीक पॉलिश पेपरने ओल्या अवस्थेत घासले जातात. नाक, गाल किंवा कपाळ यांवर राहिलेली शिवण रंगानंतर जखमेच्या व्रणासारखी दिसते. यानंतर करड्या रंगाच्या प्रायमरचा पातळ थर दिला जातो. प्रायमर वाळल्यावर वरच्या दिशेने पांढऱ्या रंगाचा हलका फवारा मारल्यास भुवयांची कड, नाकाचा कणा व गालफडे उजळतात आणि पुढील कामासाठी प्रकाशाचा नकाशाच तयार होतो.

रंगकामाचे टप्पे

मूळ थर: गव्हाळ वर्णासाठी यलो ऑकर व बर्न्ट सिएना जवळपास समान प्रमाणात घेऊन त्यांत थोडा पांढरा व किंचित निळा मिसळला जातो. सावळ्या वर्णासाठी पांढरा जवळजवळ वगळून बर्न्ट अंबर वाढविला जातो. रंग दुधासारखा पातळ करून दोन-तीन थर देतात, म्हणजे कोरीव तपशील बुजत नाहीत.

छाया: डोळ्यांच्या खोबण्या, नाकाच्या बाजू, खालच्या ओठाखालची खाच, हनुवटीखालचा भाग आणि शिरस्त्राणाची कड येथे छाया येते. त्यासाठी मूळ रंगात काळा न मिसळता बर्न्ट अंबर व निळा मिसळतात. काळ्यामुळे त्वचा मळकट दिसते.

उजाळा: सावळी त्वचा केवळ पांढरा मिसळून उजळविल्यास ती राखेसारखी दिसते. म्हणून उजाळ्यासाठी यलो ऑकर किंवा फिकट नारिंगी प्रथम वापरून पांढरा अगदी शेवटच्या, सर्वांत लहान जागांपुरता ठेवला जातो.

रंगछटांचे पट्टे: चेहऱ्याचे तीन आडवे भाग कल्पिले जातात. कपाळ किंचित पिवळसर, नाक-गाल-कान यांचा मधला पट्टा तांबूस आणि दाढीचा भाग थंड, करडा. गोऱ्या चेहऱ्यावर तिसरा पट्टा निळसर दिसतो. भारतीय चेहऱ्यावर तो करडा-तपकिरी ठेवणे योग्य असते. डोळ्यांखालचा भाग अनेकदा थोडा गडद असतो. वरचा ओठ खालच्यापेक्षा गडद आणि दोन्ही ओठ गुलाबीपेक्षा तपकिरीकडे झुकणारे असतात.

डोळे: डोळ्याचा पांढरा भाग शुद्ध पांढरा नसतो, त्यात तपकिरी किंवा करड्याचा अंश घालतात. वरच्या पापणीची सावली बुबुळाच्या वरच्या भागावर पडते. प्रकाशाचा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला द्यावा लागतो, अन्यथा नजर फाटते. गणेशमूर्तीत आखणी शेवटी होते. अर्धपुतळ्यात मात्र बरेच रंगकर्ते डोळे आधी रंगवितात, कारण पापणीबाहेर गेलेला रंग पुढच्या त्वचाथरांनी झाकता येतो.

चमक: अखेरीस संपूर्ण पुतळ्यावर मॅट व्हार्निश देतात आणि डोळे, खालचा ओठ व नाकाचे टोक एवढ्याच ठिकाणी किंचित तकाकी आणतात.

सैनिकी चेहऱ्याची वैशिष्ट्ये

सैनिकाचा चेहरा उन्हात राहिलेला असतो. नाक, गालफडे व मानेचा मागचा भाग अधिक रापलेला, तर फेटा, टोपी किंवा शिरस्त्राणाखालचे कपाळ फिकट असते. हनुवटीच्या पट्ट्याखालची त्वचाही उजळ राहते. नाईक यशवंत घाडगे यांचे उदाहरण घेता येईल. मराठा लाइट इन्फंट्रीचे हे सैनिक रायगड जिल्ह्यातील माणगाव परिसरातले असून १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. त्या वेळी ते अवघ्या बावीस वर्षांचे होते. त्यांचा अर्धपुतळा रंगविताना भर उन्हाळ्यातील मोहिमेचा रापलेपणा, धूळ व घाम दाखविणे सुसंगत ठरते. पण सुरकुत्या किंवा प्रौढ माणसाची दाट दाढीछाया दाखविल्यास तरुण वयाची ओळखच पुसली जाते.

ऐतिहासिक व्यक्तींचा वर्ण

दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या बहुतेक सैनिकांची छायाचित्रे कृष्णधवल आहेत आणि त्यांवरून वर्ण निश्चित ठरविता येत नाही. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल प्रकाशाचा परिणाम होत नसे, त्यामुळे तांबूस-तपकिरी त्वचा प्रत्यक्षाहून गडद उमटे. उलट छायाचित्रांना हाताने रंग देताना आणि कॅलेंडरांवरील चित्रांत वीरपुरुष प्रत्यक्षाहून गोरे दाखविण्याची प्रवृत्ती होती. सतराव्या शतकातील व्यक्तींसाठी दख्खनी लघुचित्रे उपलब्ध आहेत; त्यांतील वर्ण काही अंशी चित्रशैलीच्या संकेतांनुसार ठरलेला असतो. अशा वेळी त्याच प्रदेशातील, त्याच वयाच्या व उन्हात काम करणाऱ्या माणसांच्या निरीक्षणावरून छटा ठरविणे आणि ती अनुमानाने ठरविली आहे हे पुतळ्यासोबतच्या टिपणात नमूद करणे ही प्रामाणिक पद्धत मानली जाते. शौर्याशी गोरेपणाचा संबंध नाही. शेतकरी कुटुंबातून आलेल्या शिपायाचा चेहरा उजळ करणे म्हणजे त्याचे सौंदर्य वाढविणे नसून त्याच्याऐवजी दुसराच माणूस उभा करणे होय.

हवामान आणि सुरक्षितता

विदर्भात यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर या जिल्ह्यांत उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा कोरड्या हवेत ॲक्रिलिक रंग पॅलेटवरच वाळतो. त्यावर उपाय म्हणून उथळ डब्यात ओला स्पंज व त्यावर बेकिंग पेपर ठेवून 'ओली पॅलेट' करतात. रेझिनचे बारीक भाग उष्णतेने मऊ होऊन वाकतात, म्हणून पुतळा उन्हात वाळवू नये. कोकणात पावसाळ्यातील दमट हवेत फवाऱ्याचे व्हार्निश पांढुरके पडण्याचा धोका असतो.

रेझिनची धूळ श्वासावाटे जाऊ नये म्हणून घासकाम ओले करावे व मास्क वापरावा. प्रिंटरचे कच्चे रेझिन त्वचेला लागल्यास ॲलर्जी होऊ शकते, त्यामुळे नायट्राइल हातमोजे आवश्यक असतात. फवाऱ्याचे काम खिडक्या उघड्या ठेवून करावे. मुलांनी ही कामे मोठ्यांच्या देखरेखीखाली करणे इष्ट आहे.

हेही पहा

• शिल्पकला
• मूर्तिकला
• विनायक पांडुरंग करमरकर
• मराठा लाइट इन्फंट्री
• यशवंत घाडगे
• मेलॅनिन