पिस्तुलाची काडतुसे घरी भरणे : दारूची निवड

पिस्तुलातून एकदा उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा मापात आणायची आणि तिच्यात नवी टोपी, दारू आणि गोळी बसवायची, या उद्योगाला रीलोडिंग म्हणतात. अमेरिकेत तो नेमबाजांचा कायदेशीर आणि जुना घरगुती छंद आहे. टेबलाला घट्ट बसवलेला हातदांड्याचा प्रेस, ग्रेनमध्ये वजन दाखवणारा काटा आणि दारूच्या प्रमाणांची छापील पुस्तिका एवढ्या सामानावर तो चालतो. पुंगळी, टोपी आणि गोळी यांची मापे बहुतेक ठरलेली असतात. दारूचे डबे मात्र दुकानात डझनावारी असतात, आणि अर्धस्वयंचलित पिस्तुलासाठी त्यांतला कोणता घ्यावा याचा विचार रिव्हॉल्व्हरपेक्षा वेगळा करावा लागतो.

याचे कारण पिस्तुलाच्या रचनेत आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये पुढचे काडतूस हाताच्या जोरावर फिरून येते. अर्धस्वयंचलित पिस्तुलात दारूला गोळी ढकलून शिवाय यंत्रही चालवावे लागते. धक्क्याने स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि स्प्रिंगच्या जोराने परत येताना मॅगझिनमधले पुढचे काडतूस नळीत घालते. भार हलका पडला तर स्लाइड पुरती मागे जात नाही आणि पुंगळी तोंडाशीच अडकते. भार जड झाला तर पुंगळीचे बूड फुगते, सांगाडा मार खातो आणि शेवटी माणसाच्या हाताला इजा होते. या दोन टोकांमधली जागा अरुंद असते.

आजची सगळी पिस्तुली दारू निर्धूर जातीची आहे. फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी १८८४ मध्ये नायट्रोसेल्युलोजपासून ती तयार केली. तिच्यात नायट्रोग्लिसरीन मिसळले की दुहेरी पायाची दारू होते. ती काळ्या दारूसारखी एका ठरावीक चालीने जळत नाही. भोवतीचा दाब वाढला की तिचे जळणे वेगावते, आणि जळणे वेगावले की दाब आणखी वाढतो. कणाचा आकार आणि त्यावरचा लेप यांनी हा वेग आवरता येतो. बुल्सआय ही अमेरिकेतली सर्वांत जुन्या पिस्तुली दारूंपैकी एक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाफलिन अँड रँड कंपनीने ती आणली आणि कंपन्या बदलत गेल्या तरी नाव टिकले. तिचे कण चपट्या पापुद्र्यांचे. गोल कणांची दारू १९३० च्या दशकात वेस्टर्न कार्ट्रिज कंपनीत फ्रेड ओल्सेन यांनी विकसित केली. फिनलंडच्या व्हिताव्हुओरीची एन ३२० आणि एन ३४० ही मालिका साच्यातून काढलेल्या बारीक नळ्यांची असते.

दारूच्या वेगाचे तक्ते सर्वत्र मिळतात. त्यांत शीघ्र दारू वर आणि मंद दारू खाली असते. बुल्सआय आणि टाइटग्रुप वरच्या भागात येतात. एचपी-३८, युनिक, पॉवर पिस्टल आणि एचएस-६ क्रमाने खाली. हे तक्ते केवळ क्रम सांगतात. शेजारच्या दोन दारूंमध्ये अंतर किती, हे त्यांतून कळत नाही, म्हणून एका दारूचे प्रमाण दुसरीला लावणे धोक्याचे असते. हॉजडन कंपनीची एचपी-३८ आणि विंचेस्टर २३१ ही एकच दारू दोन नावांनी विकली जाते, हा अपवाद आहे.

निवडीत सगळ्यांत जास्त लक्ष पुंगळीतल्या जागेकडे द्यावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. गेऑर्ग लुगर यांच्या ९ मिमी काडतुसाची पुंगळी फार लहान असते. काठोकाठ पाणी भरले तरी सुमारे १३ ग्रेन मावते. तिच्यात दारू पडते ती बहुधा ४ ते ६ ग्रेन. अमेरिकी उद्योगाची मानक संस्था सामी हिने ९ मिमीसाठी कमाल सरासरी दाब ३५,००० पौंड प्रति चौरस इंच ठरवला आहे, तर ब्राउनिंगच्या .४५ एसीपीसाठी २१,०००. लहान जागेत एवढा दाब म्हणजे चुकीला वाव नाही. गोळी थोडी खोल बसली तरी आतली जागा घटते आणि दाब उसळतो. स्पीअर कंपनीच्या पुस्तिकेतले उदाहरण बोलके आहे: ९ मिमीची गोळी केवळ ०.०३० इंच अधिक खोल बसवल्यावर तांब्याच्या गोट्यावर मोजलेला दाब २८,००० वरून ६२,००० वर गेला. म्हणून काडतुसाची एकूण लांबी पुस्तिकेत दिली आहे त्यापेक्षा कमी ठेवत नाहीत, आणि भरताना ती कॅलिपरने अधूनमधून तपासतात.

दुसरा धोका दुप्पट भाराचा. शीघ्र आणि दाट दारूचा भार पुंगळीच्या तळाशी इवलासा दिसतो. तशी दारू चुकून दोनदा पडली तरी पुंगळी ओसंडत नाही, वर गोळी सहज बसते आणि काडतूस बाहेरून इतरांसारखेच दिसते. उलट काही पसरट दारूंचा एक भार अर्ध्याहून अधिक जागा घेतो. दुसरा भार पडला की दारू प्रेसवर सांडते आणि चूक तिथेच उघडी पडते. नवशिक्याने मध्यम वेगाची, जागा भरणारी दारू घ्यावी ती याचसाठी. चार पैसे जास्त गेले तर जाऊ द्यावेत. एका पौंडात ७,००० ग्रेन असतात, म्हणजे ५ ग्रेनच्या भाराने १,४०० काडतुसे होतात. ४ ग्रेनने १,७५०. फरक आहे, पण बोटांहून मोलाचा नाही. गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत दिव्याच्या उजेडात डोकावून पाहायचे, हा नियम कोणत्याही दारूला चुकत नाही. दारू न पडलेले काडतूसही घातक असते: टोपीच्या जोराने गोळी नळीत मध्येच अडकते आणि पुढची गोळी तिच्यावर आदळते.

स्पर्धक नेमबाज वेगळा हिशेब करतात. यूएसपीएसए या अमेरिकी संघटनेच्या नियमात गोळीचे ग्रेनमधले वजन आणि फूट प्रतिसेकंद वेग यांच्या गुणाकाराला हजाराने भागून येणारा शक्तिगुणांक मायनर वर्गासाठी १२५ आणि मेजर वर्गासाठी १६५ लागतो. १४७ ग्रेनची गोळी ९०० फूट वेगाने गेली की तो १३२.३ येतो. हे शीघ्र दारूच्या थोड्या भारात साधते. वायू कमी सुटतो आणि धक्का हाताला मऊ वाटतो. ओपन विभागात मात्र नळीच्या तोंडाशी कॉम्पेन्सेटर असतो आणि त्याला नळी खाली दाबायला भरपूर वायू लागतो, म्हणून तिथे मंद दारू मोठ्या प्रमाणात भरतात. एकाच मैदानावर दोन नेमबाज दारूच्या तक्त्याच्या दोन टोकांना असतात, आणि दोघेही बरोबर असतात.

दारू मापकातून कशी पडते, हेही पाहावे लागते. मापक वजन नव्हे, आकारमान मोजतो. गोल कणांची दारू सुरळीत ओघळते. युनिकसारखे मोठे पापुद्रे अडकतात आणि भारात कमीजास्त होते. शिशाच्या किंवा लेपित गोळ्या वापरणाऱ्यांना टाइटग्रुपसारख्या तापट दारूचा धूर जाणवतो. पूर्वी वापरलेल्या दारूचाही नवा डबा उघडला की कमी भारापासून पुन्हा चढत जाणे आणि वेग क्रोनोग्राफवर तपासणे, ही पुस्तिकांची एकमुखी सूचना आहे.

भारतात हा छंद जवळजवळ नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि ९ मिमी हे निषिद्ध बोअरमध्ये मोडते. भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत प्रणोदक दारू बनते. खडकी आणि वरणगावला लहान शस्त्रांची काडतुसे. पण ते सरकारी कारखान्यांचे काम आहे. महाराष्ट्राच्या नेमबाजांचा याच्याशी संबंध न येण्यामागे तांत्रिक कारणही आहे. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवले त्या प्रकारात .२२ रिमफायर काडतूस चालते. त्याची टोपी वेगळी नसते. ज्वलनशील मिश्रण पुंगळीच्या काठात भरलेले असते आणि एका ठोक्यात तो काठ चेपतो, त्यामुळे ती पुंगळी पुन्हा भरण्याची सोय राहत नाही.