दापोलीचे पेन्शनर : कोकणातील निवृत्त सैनिकांच्या स्थितीचा एक विचार

लष्कराचा इतिहास लिहिताना लढाया, सेनापती आणि तह यांची नोंद आवर्जून होते. बंदूक खाली ठेवून गावी परतलेल्या शिपायाची नोंद मात्र क्वचितच आढळते. वस्तुतः एखादे राज्य आपल्या सैनिकाला किती मानते, हे त्याच्या निवृत्तीनंतरच्या स्थितीवरून कळते. प्रस्तुत लेखात एकोणिसाव्या शतकातील कोकणच्या निवृत्त सैनिकांचा, विशेषतः दापोलीच्या पेन्शनरांचा, विचार केला आहे.

कोकणात जमीन थोडी आणि खाणारी तोंडे फार. त्यामुळे रत्नागिरी जिल्ह्यातील मराठा, महार आणि कोकणी मुसलमान घराण्यांतील अनेक तरुण इंग्रजांच्या मुंबई लष्करात दाखल झाले. १८१८ नंतर दापोली हे दक्षिण कोकणातील लष्करी ठाणे बनले. नियमित फौज तेथून हलवल्यावरही काही वर्षे वृद्ध शिपायांची पलटण तेथे होती. ठाणे उठले, तरी ‘कॅम्प दापोली’ हे नाव राहिले आणि निवृत्त सैनिकांची वस्तीही राहिली.

या पेन्शनचे मोल केवळ पैशात मोजता येत नाही. गावगाड्यात महाराचे पोट बलुत्यावर, म्हणजे इतरांच्या मर्जीवर अवलंबून असे. पेन्शनराला दरमहा सरकारातून रोख रक्कम मिळे; त्यासाठी गावात कोणापुढे हात पसरावा लागत नसे. शिवाय लष्करात शिपायांच्या मुलामुलींसाठी शाळा होत्या. ज्या काळी गावच्या शाळेची पायरी चढणे अस्पृश्य मुलांना दुरापास्त होते, त्या काळी पलटणीतील घरांत अक्षरओळख झाली होती. म्हणूनच दापोलीची वस्ती ही केवळ म्हाताऱ्या शिपायांची वस्ती नव्हती. लिहिता-वाचता येणारा आणि स्वतःच्या मिळकतीवर उभा असलेला एक नवा वर्ग तेथे तयार झाला होता.

महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त झाले आणि दापोलीस राहू लागले. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर तेही महूहून सहकुटुंब काही काळ दापोलीस आले. त्यांचे पेन्शन दरमहा ५० रुपये होते. त्यांचे धाकटे चिरंजीव म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वडिलांच्या पेन्शनच्या आधाराने त्या घरात ग्रंथ आणि अभ्यास यांना स्थान मिळाले, हे विसरता येत नाही.

परंतु १८९२-९३ च्या सुमारास ‘लढवय्या जाती’च्या धोरणामुळे महारांची भरती बंद झाली. हयात पेन्शनरांचे वेतन चालू राहिले. पण त्यांच्या मुलांना त्या वाटेने जाता येईना. एका पिढीची नोकरी गेली, त्याबरोबर पुढच्या पिढीचे पेन्शन आणि शाळाही गेली. १८९४ मध्ये वलंगकरांनी या निर्णयाविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनीही भरतीची मागणी केली. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपताच १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. स्थायी स्वरूपाची महार रेजिमेंट १९४१ मध्येच स्थापन झाली.

याच काळात गोव्यातील चित्र निराळे होते. पूर्वी सावंतवाडीच्या अमलाखाली असलेले पेडणे आणि डिचोली अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे आले होते. १८७१ मध्ये स्थानिक लष्कराने बंड केले, तेव्हा पोर्तुगीज सरकारने ते लष्करच बरखास्त केले. पुढे १८९५ मध्ये मराठा शिपायांना मोझांबिकला जाण्याचा हुकूम झाला. त्यांनी तो नाकारला, ते पणजीहून सत्तरीत गेले आणि दादा राणे यांच्या उठावाला बळ मिळाले. एकाच किनाऱ्यावर, एकाच दशकात, दापोलीचा पेन्शनर अर्ज लिहीत होता आणि पणजीचा शिपाई बंदूक घेऊन रानात शिरत होता. ज्याला सरकारकडून काही मिळण्याची आशा असते, तो अर्ज करतो; ज्याची आशा सुटते, तो रान जवळ करतो.

आज निवृत्त सैनिकाला पेन्शन आहे, २००३ पासून अंशदायी आरोग्य योजना आहे, आणि २०१५ मध्ये ‘समान पद, समान निवृत्तिवेतन’ हे तत्त्वही जाहीर झाले. मात्र २०२२ च्या अग्निपथ योजनेनुसार बहुसंख्य अग्निवीर चार वर्षांनी, सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये घेऊन, पेन्शनविना घरी परतणार आहेत. एकरकमी पैसा आणि दरमहाचा आधार यांत काय अंतर असते, हे दापोलीच्या इतिहासावरून समजते. तेव्हा निवृत्त सैनिकांची गणना करताना किती जण परतले, एवढेच पाहून भागणार नाही. त्यांची मुले कोणत्या शाळेत शिकतात आणि गावात ते कोणाच्या आधारावर उभे आहेत, याचीही नोंद घ्यावी लागेल.